दुपारच्या उन्हात शिबिर: पोर आडवं झालं तर जबाबदारी कोणाची?

खाडीपल्याड
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, कारण घरात विचारून उपयोग नाही. घरात आधीच दोन पक्ष पडलेत.

मुलगी चौदा वर्षांची, कबड्डी खेळते. आमच्या तालुक्यात (रत्नागिरी जिल्हा, गावाचं नाव नको) एप्रिलभर शिबिर चालू आहे, मेमध्ये निवड चाचणी. वेळ दुपारी साडेतीन ते साडेसहा. मैदान सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर), औषधाला झाड नाही. सकाळी तेच मैदान पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांकडे असतं आणि सरांची नोकरी दुपारी सुटते, म्हणून ही वेळ. परवा एक मुलगी चक्कर येऊन मटकन खाली बसली. सरांनी तिला रेषेबाहेर नेलं, तोंडावर पाणी मारलं आणि बाकीच्यांना म्हणाले, "अंगाला सवय लागते, घाबरायचं नाही." पाणी तासातून एकदा, कारण "पोट जड होतं".

सर माणूस म्हणून सोन्यासारखे. एक पैसा घेत नाहीत, उलट ज्या पोरींकडे बूट नाहीत त्यांना स्वतःच्या खिशातून आणून देतात. म्हणून बोलायला जीभ रेटत नाही. नवरा म्हणतो, पटत नसेल तर पाठवू नको, शिबिर त्यांचं आहे. सासूबाई म्हणतात, खिशात कांदा दे. माझं म्हणणं असं की पोर एकदा रेषेच्या आत गेली की ती माझ्या हातात नाही, आणि चाचणी तोंडावर असताना ती स्वतःहून थांबणार नाही. मग थांबवायचं कोणी? आणि सरांशी बोलायचं तर कसं?

बांगडा_फ्राय
रुमाल टाकून ठेवतो. सासूबाईंच्या कांद्यावर नंतर येतो.

सड्यावरचा
ताई, राग मानू नका, पण पोरं नाजूक झालीत. आम्ही भर मे महिन्यात दुपारी दोनच्या सामन्याला अनवाणी उतरायचो. आजही बागेत आंबे उतरवणारे गडी दिवसभर उन्हात असतात, त्यांना कोण विचारतं? सर फुकट शिकवतायत, त्यात चुका काढल्या तर उद्या ते शिबिर बंद करतील. मग बसा मोबाइल बघत.

गजालीकार
आमच्याकडे सर म्हणजे देव. आता देवाक कोण सांगतलो, 'देवा, वायच सावलीत येवा'?

पीटी_मास्तर
मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो, त्यामुळे हा धागा माझ्याच अंगणातला आहे.

@सड्यावरचा, आंब्याच्या गड्याचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. गडी झाडावर असतो, म्हणजे अर्धा वेळ सावलीत. दमला की खाली उतरतो, तांब्याभर पाणी पितो, बिडी ओढतो, पुन्हा चढतो. कामाचा वेग तो स्वतः ठरवतो. शिबिरात वेग ठरवणारी शिट्टी दुसऱ्याच्या तोंडात असते. धागाकर्तीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच दिसतं. ज्याच्या शिट्टीवर पोर पळतं, त्याच्याच शिट्टीवर ते थांबलं पाहिजे. चौदा वर्षांच्या मुलीने संघात जागा मिळवायच्या दिवसांत "सर, मला होत नाही" म्हणावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

दुसरं, पाण्याचं. "सरावात पाणी पिऊ नये" हे आमच्या पिढीला आमच्या प्रशिक्षकांनी शिकवलं आणि आम्ही ते पुढे ढकललं. त्याला आधार काही नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट घेतल्याने कोणाचं पोट जड होत नाही.

चाकरमानी_परेलचा
मला एक कळत नाही. फोनवर रत्नागिरीचं तापमान ३४ दाखवतंय. नागपूर-चंद्रपूरवाले ४४ मध्ये जगतात. ते हा धागा वाचून हसतील.

भिऱ्याचा_भाचा
३४ म्हणजे समुद्राजवळचं. जरा आत या. रायगडात आमच्या भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये ४६.५ ची नोंद झाली होती. कोकण म्हणजे नुसता समुद्रकिनारा नव्हे.

बांगडा_फ्राय
भिऱ्याचे लोक ही गोष्ट लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा छापतात. (हलके घ्या.)

काजूगर
ग्रामीण रुग्णालयात नोकरी करतो. जरा लांबण लागेल.

@चाकरमानी, नागपूरच्या कोरड्या हवेत घाम निघाला की वाळतो, आणि वाळताना अंगाची उष्णता घेऊन जातो. आपल्याकडे घाम येतो, ओघळतो आणि बनियनमध्ये मुरतो. वाळतच नाही. म्हणजे मीठ-पाणी गेलंच, गारवाही मिळाला नाही. खेळाडू आणि सैनिकांसाठी जगभर वेट बल्ब ग्लोब तापमान नावाचं माप वापरतात. अमेरिकेच्या मरीन दलाच्या भरती केंद्रांवर जवान उष्माघाताने पडत होते, त्यातून १९५० च्या दशकात ते आलं. त्यात साध्या तापमापीला फक्त १० टक्के वजन आहे, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला २० टक्के, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीला तब्बल ७० टक्के. फोनवर दिसतं ते त्यातलं दहा टक्केवालं, आणि तेही सावलीतलं. हवामान खातंसुद्धा हा फरक मानतं: उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० अंश लागतात, किनारपट्टीवर ३७ (आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश जास्त). शिवाय आपल्याला "उष्ण व दमट हवामान" असा वेगळा इशारा येतो, ज्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, कारण आकडा लहान असतो.

आता त्या चक्कर आलेल्या मुलीबद्दल. चक्कर आणि उष्माघात या वेगळ्या गोष्टी. सावलीत पाय वर करून झोपवलं, पाणी दिलं की साधी चक्कर बहुधा उतरते. त्या दिवशी मात्र तिला पुन्हा खेळवायचं नाही. उष्माघातात आतलं तापमान ४० सेल्सिअसच्या (१०४ फॅरनहाइटच्या) वर जातं आणि मेंदू गडबडतो. पोर भलतंच बोलतं, उगाच अंगावर धावून येतं, झोकांड्या देतं, गुणफलक काय आहे ते सांगू शकत नाही. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हा समज डोक्यातून काढा. खेळताना होतो त्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकतं. कपाळाला किंवा काखेत तापमापी लावून "१०१ तर आहे" म्हणून स्वस्थ बसू नका, ते आकडे फसवे असतात. तापाची गोळी देऊ नका, इथे तिचा काही उपयोग नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

करायचं एकच: आधी गार करा, मग हलवा. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत पोराला मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात ठेवा, डोकं धरून, पाणी ढवळत राहून. अर्ध्या तासाच्या आत तापमान उतरलं तर जवळजवळ सगळे वाचतात. पोराला जीपमध्ये घालून घाटातून पाऊण तास आमच्याकडे आणलंत, तर तो अर्धा तास रस्त्यातच गेला.

कोकमआगळ
डॉक्टर, हे वाचून पोटात गोळा आला. बर्फाचं पाणी सड्यावर आणायचं कुठून?

बांगडा_फ्राय
आता माझ्या विषयावर आलात! ताई, तुम्ही कोकणात राहता. बर्फ कमी आहे का आपल्याकडे? मिरकरवाड्यासारख्या बंदरात पहाटे बोटींत टनावारी बर्फ चढतो. कुठल्याही मच्छीवाल्याकडे जाड भिंतीची पेटी असते, सकाळी भरलेला बर्फ त्यात संध्याकाळपर्यंत राहतो. मासळीचा मोठा टप घ्या, त्यात चौदा वर्षांची पोर सहज बसते. टप नसेल तर पागोळीला बांधायची ताडपत्री घ्या, पोराला मधे ठेवून चारी बाजूंनी चौघांनी वर धरायची, आत पाणी-बर्फ ओतायचा आणि झोळी हलवत राहायची. फक्त तो बर्फ सरबतात टाकू नका, बांगड्याचा वास येईल.

काजूगर
विनोद बाजूला, पण ताडपत्रीची ही पद्धत खरोखर शिकवली जाते. एवढं आधीच मैदानावर असलं तर अर्धी लढाई जिंकलीत. नसेलच काही जवळ, तर कपडे सैल करून विहिरीचा पंप अंगावर सोडा, ओले पंचे सारखे बदला आणि वारा घाला.

ओहायोकर
मूळचा गुहागरचा, मुलगा इथे हायस्कूलच्या फुटबॉल संघात (आपला नव्हे, अमेरिकन). ऑगस्टमध्ये सराव सुरू होण्याआधी पालकांची बैठक होते, त्यात अर्धा वेळ याच विषयावर जातो. त्याला कारण आहे. शेजारच्या केंटकीत २००८ च्या ऑगस्टमध्ये लुईव्हिलच्या एका शाळेत प्रशिक्षकाने मुलांना उन्हात पळवत ठेवलं, पंधरा वर्षांचा मुलगा कोसळला आणि काही दिवसांनी गेला. प्रशिक्षकावर फौजदारी खटला चालला. पुढच्या वर्षी ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. पण त्यानंतर त्या राज्यात शाळेच्या प्रशिक्षकांना सुरक्षेचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. फ्लोरिडात २०२० च्या कायद्याने शाळांना मैदानाजवळ गार पाण्याचा टब ठेवावा लागतो.

आणखी एक. इथे पहिल्या दिवशी पूर्ण पोशाख घालून सराव करू देत नाहीत. शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, तेवढ्यात वेळ आणि वजन हळूहळू वाढवतात. म्हणजे तुमचे सर "सवय लागते" म्हणतात ते अगदीच खोटं नाही. फक्त ती अशी एका दुपारीत लागत नाही.

पीटी_मास्तर
@ओहायोकर, हा मुद्दा आपल्याकडे फार लागू आहे. दहावी-बारावीची पोरं फेब्रुवारी-मार्च पंख्याखाली बसून अभ्यास करतात आणि परीक्षा संपली की दुसऱ्या सोमवारी भरतीच्या मैदानावर १६०० मीटर मारायला येतात. शिबिराचा पहिला आठवडा सगळ्यात धोक्याचा, आणि आपण नेमकं पहिल्याच आठवड्यात "बघू कोणात दम आहे" करतो. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवार दगावले, मग अंतर ३ किलोमीटरवर आणलं. पोरं गेल्यावर नियम बदलतात.

चाकरमानी_परेलचा
मास्तर, खारघरचा महाराष्ट्र भूषण सोहळाही आठवतो. एप्रिल २०२३, उन्हाने माणसं गेली. तिथे तर लोक नुसते बसले होते, धावत नव्हते. मागे घेतो माझं नागपूरचं वाक्य.

चढाईपटू
कुमार गटात जिल्ह्यापर्यंत खेळलोय. सगळे पाण्यावर आणि वेळेवर बोलतायत, पण कबड्डीतली खरी भानगड कोणी काढली नाही, म्हणून लिहितो. वजन.

किशोर गटात ५५ किलोची मर्यादा, कुमारांत ७०. चाचणीच्या आधीच्या आठवड्यात ज्याचं वजन दीड-दोन किलो वर आहे त्याला काय करायला लावतात? दुपारी विंडचीटर, त्याच्या आत प्लास्टिक, डोक्याला टोपी, आणि मैदानाला फेऱ्या. पाणी बंद. काट्यावर उभं राहीपर्यंत थुंकत सुद्धा राहायचं. आमच्यात याला वजन काढणं म्हणतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. चरबी एका दुपारीत जात नाही, जातं ते नुसतं पाणी. म्हणजे घाम गाळायला शरीरात जे हवं तेच काढून घेऊन पोराला उन्हात सोडायचं.

अमेरिकेत १९९७ च्या शेवटी सहा आठवड्यांच्या आत तीन कॉलेज कुस्तीगीर असंच वजन उतरवताना मेले, तेव्हा तिथल्या संघटनेने रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी घातली. आपल्याकडे ते विंडचीटर अजून खुंटीला आहे. ताई, मुलीचं वजन मर्यादेच्या आसपास असेल तर सरांना सगळ्यात आधी हे विचारा.

खाडीपल्याड
@चढाईपटू, तिचं वजन ५४ च्या वर आहे. मला ही गोष्ट माहीतच नव्हती. आज विचारल्यावर म्हणाली, "अगं, ते फक्त चाचणीच्या आधी." जणू काही पावडर लावायची आहे.

नऊवारी_स्नीकर्स
सगळे पुरुष बोलून झाले असतील तर एक सांगू? पोरी पाणी का पीत नाहीत, ते सर तासातून एकदाच देतात म्हणून नाही. सड्यावर आडोसा नाही म्हणून. मी खेळायचे तेव्हा आम्ही घरून निघतानाच पाणी बंद करायचो, तीन तास जाणार कुठे? पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. तुम्ही पाच मिनिटांना शिट्टी वाजवलीत तरी पोरी ओठ ओले करून बाटली खाली ठेवतील. आणि डॉक्टर सांगतात तसं पोरीला टपात ठेवायचं, कपडे सैल करायचे, तर तिथे एक तरी बाई नको का? किती मुलींच्या शिबिरांत असते?

काजूगर
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शंभर टक्के सहमत.

गजालीकार
ताईनू, ह्या खरा बोललात.

कोकमआगळ
पाण्याबरोबर काय द्यायचं तेही सांगा. आमच्या आयडीला जागून मी कोकम सरबत सुचवते, मीठ-जिरं घालून.

बांगडा_फ्राय
पेज. मिठाची पेज. बाकी सगळी फॅशन.

काजूगर
दोन्ही चालेल, ताकही उत्तम. फार घाम गेला तर ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलंय तेवढ्या पूर्ण पाण्यात (मोठी पुडी एक लिटरमध्ये) विरघळवून, अर्ध्या ग्लासात नाही. दुकानात डब्यात मिळणारं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. नावात ओआरएस घालून अशी पेयं विकायला २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली आहे. आणि धाकाने तांब्यावर तांब्या नुसतं पाणीही ओतू नका, रक्तातलं मीठ पातळ होणं हासुद्धा आजार आहे.

काळा_कोट_पांढरी_साडी
वकिली करते. मूळ प्रश्न जबाबदारीचा होता, तो सरबतात बुडाला.

निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू होतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७५ तर ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात मूल आहे त्याच्याबद्दलच बोलतं. जाणूनबुजून हेळसांड करून मुलाला त्रास झाला तर तोही गुन्हा. मानधन घेतो की फुकट शिकवतो याने फरक पडत नाही. "काही झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत" असं हमीपत्र लिहून घेतात, त्यावर सही केली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. पण कोर्टात ते सिद्ध करणं अवघड, ओहायोकरांच्या गोष्टीत दिसलंच. तेव्हा कायद्याचा धाक घालायला जाऊ नका. सरांना एवढंच सांगा की उद्या काही घडलं तर तुम्ही एकटे सापडाल, आयोजक हात वर करतील. हे खरंही आहे आणि त्यांना पटेलही.

सड्यावरचा
मी इतका वेळ गप्प वाचत होतो. वाडीच्या क्रिकेट स्पर्धा मी भरवतो, मेमध्ये चाकरमानी आले की. एक प्रामाणिक प्रश्न: एका दिवसात बत्तीस संघ संपवायचे तर दुपार सोडून कसं जमणार? प्रकाशझोत लावायला जनरेटरचे पैसे कोण देणार?

पीटी_मास्तर
सोळा संघ घ्या. नाहीतर दोन दिवस करा. बारा ते चार मैदान बंद.

सड्यावरचा
मास्तर, तुम्ही पालकमंत्र्यांना बक्षीस समारंभाची वेळ बदलायला सांगाल का?

बांगडा_फ्राय
त्यांना एकदा दुपारी दोनला बोलवा, भाषण आपोआप छोटं होईल.

काजूगर
@सड्यावरचा, वेळ बदलत नसेल तर निदान सामना छोटा करा, मधल्या षटकांत सक्तीची पाणीसुट्टी द्या आणि क्षेत्ररक्षण करणाऱ्यांसाठी मांडव घाला. ताप, जुलाब किंवा रात्रीचं जागरण असलेल्या पोराला उतरवू नका. जागरण तर तुमच्याकडे रात्रीच्या नमन-खेळ्यालाच होतं.

खाडीपल्याड
सगळ्यांचे आभार. काल सरांच्या घरी गेले, नवऱ्याला घेऊनच. वकीलबाईंचं वाक्य जसंच्या तसं वापरलं. सर आधी दुखावले. म्हणाले, "मी यांना माझ्या पोरींसारखं बघतो आणि तुम्ही मला कायदा दाखवता?" पाच मिनिटं कोणीच काही बोललं नाही. मग त्यांच्या बायकोने चहा आणला आणि तीच म्हणाली, मी रोज सांगते, ऐकतात कुठे.

शेवटी ठरलं ते असं. भरतीवाल्या मुलांच्या सरांशी बोलून मैदान अर्धं-अर्धं वाटून घ्यायचं, सकाळी सहा ते आठ. (हवेत ओल तेव्हाही भरपूर असते, पण माथ्यावर ऊन तरी नाही.) पाणी दर पंधरा मिनिटांनी. चार आया पाळीपाळीने मैदानावर बसणार. आडोशाला बांबू आणि हिरवं कापड लावणार, ग्रामपंचायतीकडे कायमच्या मोरीसाठी अर्ज दिलाय. बर्फाची पेटी आमच्या वाडीतल्या एका मच्छीवाल्या मावशी देणार आहेत.

वजनाच्या मुद्द्यावर मात्र सर हलले नाहीत. म्हणाले, "५५ च्या वर गेली तर तिचंच वर्ष फुकट जाईल, मग तुम्हीच मला बोलाल." आणि चाचणीची वेळ वरून आलीय: दुपारी दोन.

चढाईपटू
दोनची चाचणी म्हणजे वजनाचा काटा सकाळी असेल. तिला आठवडाभर नेहमीसारखं जेवू-पिऊ द्या, रोज सकाळी वजन बघा. वर गेलं तर कुमारी गटात खेळू दे, तिथे ६५ ची मर्यादा आहे. समोर मोठ्या मुली असतील, मार खाईल. पण वर्ष फुकट जात नाही, सरांना हे माहीत आहे.

पीटी_मास्तर
वेळ बदलण्यासाठी आयोजकांना पत्र लिहू. एकट्या पालकाचं नको, दहा-बारा पालक आणि दोन-तीन शाळांच्या क्रीडाशिक्षकांच्या सह्यांनी जाऊ दे. डॉक्टर, तुम्ही एक परिच्छेद लिहून द्याल का? मसुदा रात्री व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

काजूगर
देतो. रुग्णालयाच्या नावाने नाही, माझ्या नावाने.

सड्यावरचा
मलाही व्यनि करा. आणि बांगडा, त्या जाड पेटीचा भाव काय चाललाय सध्या?

बांगडा_फ्राय
विकत कशाला घेताय? स्पर्धेच्या दिवशी माझी न्या. धुऊन परत करा म्हणजे झालं.